झेंडा तिचा, शिट्टी माझी: पुणे ते सांगली, व्हाया वडूज

राजश्रीचा फोन आला तेव्हा मी तिचीच क्लिप बघत होते. कितव्यांदा, ते विचारू नका.

क्लिप तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी पाहिली असेल. परदेशातल्या एका महिला फुटबॉल स्पर्धेचा उपांत्य सामना. शेवटची मिनिटं, बरोबरी, आणि निळ्या संघाच्या मुलीनं मारलेला गोल. मैदानावर नाच सुरू होतो, आणि तेवढ्यात मुख्य पंच कानाला बोट लावून थांबते. कुणीतरी तिच्याशी बोलतंय. मग ती व्हिडिओ तपासल्याची खूण म्हणून हवेत चौकोन काढते आणि हात वर करते. ऑफसाइड, गोल रद्द. अंतर खांद्याएवढंही नाही. मग क्षणभर पडद्यावर व्हिडिओ पंचांची खोली दिसते. त्यात मधल्या खुर्चीवर, कानाला हेडफोन लावून बसलेली बाई म्हणजे राजश्री. वडूजजवळच्या गावची, माझी मैत्रीण.

आम्ही दोघींनी पंचांची जिल्हा परीक्षा एकत्र दिली होती. एकाच खोलीत राहून नियम पाठ केले होते. पुढे मोठ्या निवड शिबिरात धावण्याच्या चाचणीत माझा गुडघा गेला आणि ती पुढे निघून गेली. आधी देशाची पंच, मग बाहेरच्या देशांतले सामने, मग व्हिडिओ पंचांचं प्रशिक्षण. मी पुण्यात शाळेत खेळ शिकवते आणि रविवारी लीगच्या सामन्यांना शिट्टी मारते. टीव्हीच्या कोपऱ्यात तिचं नाव आलं की मी आवाज बंद करायची. नाव वाचायचं, पण ऐकायचं नाही.

त्या सामन्यानंतर तिची पार धुलाई झाली. जुने खेळाडू टीव्हीवर बसून ‘चित्र चुकीच्या क्षणाला थांबवलं’ म्हणाले. तिच्या फोटोला गाढवाचे कान लावून लोकांनी फिरवला. मी तिला ‘हिंमत ठेव’ असा मेसेज पाठवला, हात जोडल्याचं चित्र टाकलं आणि पुन्हा क्लिप लावली. खोटं कशाला लिहू, मला बरं वाटत होतं.

फोनवर ती म्हणाली, “सुनंदा, दिवाळीची सुट्टी लागली न्हवं? ये की गं. सांगलीत पोरींची फायनल हाय, मला पंच म्हणून बोलावलंय. आधी घरी ये, एक मुक्काम कर, मग दोघी मिळून जाऊ.”

तिचं वाक्य संपायच्या आत मी हो म्हटलं. मला तिचा चेहरा बघायचा होता.

पहिला दिवस: पुणे ते सातारा

सुट्टीच्या दिवसांत पुण्याहून निघणार असाल तर उजाडायच्या आत निघा, नाहीतर खेड शिवापूरचा टोलनाका तुमचा अर्धा उत्साह खातो. मी उशिरा निघाले आणि ते भोगलं. खंबाटकीच्या घाटात माझी जुनी गाडी दुसऱ्या गिअरवर कण्हत चढली. पुढे मात्र रस्ता मोकळा. पाऊस संपून थोडेच दिवस झाले होते, डोंगरांवर अजून हिरवा रंग होता आणि कडेचं गवत पिवळं व्हायला लागलं होतं.

थेट वडूजला जाता आलं असतं. पण तिच्यासमोर उभं राहायची इतकी घाई आहे हे मला स्वतःलाही दाखवायचं नव्हतं, म्हणून साताऱ्यात मुक्काम ठेवला. दुपारनंतर अजिंक्यताऱ्यावर गेले. गाडी बरीच वरपर्यंत जाते, उरलेली चढण सोपी आहे; माझ्या गुडघ्यानं कुरकुर केली तेवढीच. वरून सगळं शहर तळहातावर ठेवल्यासारखं दिसतं. सोबत पाणी न्या.

संध्याकाळी पोवई नाक्याजवळ चहाला थांबले. शेजारच्या बाकड्यावर दोन गृहस्थ बसले होते. एकाची मिशी पांढरी, पाठ ताठ. फौजेतून आलेले असणार. दुसरे जाड भिंगांचा चष्मा लावलेले.

“त्या वडूजच्या पोरीनं गोल घालवला की रं त्यांचा,” चष्मेवाले म्हणाले.

“घालवला न्हाई. हुता ऑफसाइड, म्हणून काढला.”

“केसभर गड्या. केसभरासाठी काढत्यात व्हय?”

“मग कितीभर असल्यावर काढायचा? तूच सांग.” मिशीवाल्यांनी बशी खाली ठेवली. “आपल्या खटाव तालुक्याची पोरगी दोन देशांचा निवाडा करती, ते बघ की.”

मी चहा अर्धा टाकून उठले. मला वाटलं होतं, इथं तरी तिची फजिती ऐकायला मिळेल. आणि ऐकायला काय मिळालं, तर तिच्या चुकीवरही दोन म्हातारे अभिमानानं भांडतायत. मी आयुष्यात किती चुकीच्या पेनल्ट्या दिल्या असतील. त्यावर कुणी भांडलं असेल तर मैदानाबाहेर पडेपर्यंत. तिच्या वाट्याला शिव्यासुद्धा मोठ्या आल्या, याचाही मला हेवा वाटला. कंदी पेढे घेतले आणि लॉजवर जाऊन त्यातले बरेचसे एकटीनंच खाल्ले.

दुसरा दिवस: कोरेगाव, पुसेगाव, वडूज

सकाळी कोरेगावच्या रस्त्याला लागले. रस्ता बरा आहे, मधे मधे काम चालू होतं. कोरेगावच्या बाजारात वाघ्या घेवडा घ्यायला विसरू नका. फिकट दाण्यावर तांबडे पट्टे असतात, वाघाच्या अंगासारखे, म्हणून हे नाव. विकणाऱ्या मावशींना मी विचारलं, रात्रभर भिजवावा लागतो का.

“भिजवा न्हाईतर नका भिजवू, शिजतोय. पुण्याच्या गॅसवर जरा टाइम लागंल,” त्या म्हणाल्या आणि पुण्याच्या गॅसवर स्वतःच हसल्या.

पुसेगाव ओलांडलं की जमिनीचा रंग बदलतो. उसाची हिरवी भिंत मागं राहते, माळ सुरू होतो, डोंगराच्या कडेला पवनचक्क्या संथ फिरताना दिसतात. बाजरी निघालेली होती, ज्वारी वीतभर वर आली होती. राजश्रीचं गाव वडूजच्या अलीकडं डाव्या हाताला आत आहे. पुसेगाव सोडलं की पेट्रोल थेट वडूजलाच मिळतं, हे लक्षात ठेवा.

ती कांद्याच्या वाफ्यात होती. पायात मैदानावरचे जुने बूट, अंगात विटलेला ट्रॅकसूट, डोक्याला पदरासारखा गुंडाळलेला टॉवेल. मी मनात तिचा चेहरा रंगवून आले होते: ओढलेला, डोळ्यांखाली काळं, बोलताना अडखळणारा. तसं काही नव्हतं. ऊन लागून ती काळवंडली होती, बाकी तब्येत चांगली. मला पाहून तिनं मातीचे हात तसेच पुढं केले.

“गुडघा कसा हाय?” तिचा पहिला प्रश्न.

“बरा आहे,” मी म्हटलं. त्या प्रश्नाचाही मला राग आला.

तिचे वडील, तात्या, फौजेतून हवालदार म्हणून निवृत्त झालेले. राजश्रीला फुटबॉल त्यांनीच शिकवला. रेजिमेंटच्या संघात ते बचावाला खेळायचे. जेवायला बसलो तेव्हा त्यांनीच विषय काढला. ताटात बाजरीची भाकरी, मटकीची उसळ, मिरचीचा खर्डा आणि वर शेतातला कांदा होता.

“सुनंदा, तुमी पंच हाय. तुमी सांगा,” तात्या म्हणाले. “आमच्या टायमाला पंच म्हणंल ते. चुकला तरी सामना संपला की त्याला आमी जेवायला घालायचो. आता मशीन आलं, तर भांडण कमी व्हाया पायजे का न्हाई?”

“अहो तात्या, पूर्वी पंचानं काय पाहिलं ते कुणालाच पुन्हा बघता येत नव्हतं,” मी म्हटलं. “आता सगळी दुनिया थांबवून थांबवून बघते. मग प्रत्येक जण पंच.”

“म्हणजे मशीननं पंच वाढवलं, भांडण तेवढंच.”

राजश्री हसली. मी तिच्याकडं बघत होते. ती नेहमीसारखी हसली, आणि मला वाटलं, हिला काही झालेलंच नाही. मी एवढ्या लांब आले कशासाठी?

उन्हं उतरल्यावर आम्ही विहिरीकडं फिरायला गेलो. पंपाचं पाणी पडतं त्या थारोळ्याच्या कठड्यावर बसून तिनं लॅपटॉप उघडला. तोच सामना. पण ही टीव्हीवरची क्लिप नव्हती, व्हिडिओच्या खोलीत तिच्यासमोर होती ती चित्रं होती.

“ऑफसाइड बघायचं तर पास देणारीच्या पायाचा बॉलला पहिला स्पर्श झाला तो क्षण पकडायचा,” ती म्हणाली. “तितं चित्र थांबवायचं आन मग रेषा वढायच्या. आता बघ.”

तिनं बटण दाबलं. पाय बॉलच्या मागं, जरा अंतर. पुन्हा दाबलं. पाय बॉलला लागलेला. तिसऱ्यांदा दाबलं. बॉल जरासा पुढं सरकलेला, पाय अजून चिकटून.

“मी कुठल्या चित्रावर रेषा वढल्या?”

“दुसऱ्या,” मी म्हटलं. नियमानं तेच बरोबर.

“तिसऱ्या.” तिनं दोन्ही चित्रं शेजारी लावली. दुसऱ्या चित्रात निळ्या संघाची मुलगी बचावपटूच्या बरोबरीत होती. तिसऱ्यात तिचा खांदा पुढं आलेला होता. “कानात सारखं लवकर, लवकर चाललेलं. लोक आरडत हुते. मी एक बटण जादा दाबलं. गोल खरा हुता, सुनंदा.”

मी स्वतः बटण दाबून दुसरं चित्र पुन्हा पाहिलं.

“चौकशी झाली ना?” मी विचारलं.

“झाली. मी काढलेल्या रेषा बघितल्या, रेषा बरोबर हायत म्हणाले. चित्र कुठलं घेतलं ते कुणी मागं जाऊन बघितलंच न्हाई. मलाबी पुढच्या आठवड्यात कळलं, परत बघताना.” तिनं लॅपटॉप मिटला. “तात्यांना म्हायीत न्हाई अजून. तुलाच सांगितलं.”

मी तिच्या खांद्यावर हात ठेवला. तो हात खरा होता. पण त्याच वेळी माझ्या पोटात काहीतरी गरम, गोड उतरत गेलं. टीव्हीवरचे लोक नुसता अंदाज करत होते. मला माहीत होतं.

तिसरा दिवस: मायणी, विटा, तासगाव, सांगली

वडूजहून मायणीमार्गे विट्याला जा. मायणीच्या तलावावर थंडीत पक्षी येतात. आम्ही गेलो तेव्हा बगळे आणि थोडी बदकं होती. विट्यात मिसळ खाल्ली, झणझणीत आणि शंभराच्या आत. राजश्री गाडीत झोपली. हेडफोन लावून सगळं जग सांभाळणारी बाई काचेला डोकं टेकून, तोंड उघडं टाकून झोपली होती. मला ते बघायलाही आवडलं.

तासगावला बेदाण्याच्या दुकानाशी थांबलो. ती आत गेली आणि माझा फोन वाजला. पुण्याच्या एका क्रीडा वेबसाइटचा पत्रकार. लीगच्या सामन्यांमुळं तोंडओळख होती.

“मॅडम, तुम्ही राजश्रीताईंच्या जवळच्या म्हणून फोन केला. त्या सामन्याबद्दल काही बोलल्या का त्या? तुमचं नाव येणार नाही.”

दुकानाच्या काचेतून ती दिसत होती. दुकानदार तिला हिरव्या बेदाण्यांच्या दोन जाती दाखवत होता, ती एकेक दाणा चावून बघत होती. मला एवढंच म्हणायचं होतं: तिसरं चित्र. दोन शब्द. तो पुढचं सगळं स्वतः शोधून काढेल. माझं नाव कुठंच येणार नाही.

“गाडी चालवतेय,” मी म्हटलं. “नंतर बोलू.”

मी ‘नाही’ म्हटलं नाही, हे नीट लक्षात घ्या. दार नुसतं लोटून ठेवलं, कडी लावली नाही. राजश्री बाहेर आली आणि बेदाण्यांची एक पिशवी माझ्या मांडीवर टाकली. “तुझ्या शाळंतल्या पोरींना,” म्हणाली.

तासगाव ते सांगली रस्त्यावर द्राक्षबागा आहेत, आणि कारखाने सुरू झाले की उसाच्या ट्रॉल्या. ट्रॉलीच्या मागं मुकाट्यानं चला, ओव्हरटेक करायला जाऊ नका. दोन ट्रॉल्या जोडलेल्या असतात आणि वळणावर मागची कुठं जाईल सांगता येत नाही. सांगलीत आमची सोय फायनल भरवणाऱ्या मंडळाच्या पाटीलसरांकडं होती. सर निवृत्त मास्तर, जैन कुटुंबातले, त्यामुळं जेवण दिवस मावळायच्या आत आणि कांदा-लसणाशिवाय. कांद्याविना इतकी चविष्ट आमटी होते हे मला माहीत नव्हतं.

जेवताना सर राजश्रीला म्हणाले, “उद्या मैदान भरतंय बघा. तुमच्या नावावर लोक यायलेत.”

“मी झेंडा घिऊन लाइनवर धावणार हाय, सर,” राजश्री म्हणाली. “मधी सुनंदा ऱ्हाईल.”

सरांचा घास हातात राहिला. माझाही.

“बॅनरवर तुमचं नाव हाय की ओ,” सर म्हणाले.

“असू दे की. झेंडा धरणारी बी पंचच असती न्हवं?”

नंतर तिला विचारलं, असं का केलंस. तर म्हणाली, “तुझी शिट्टी माझ्यापरास बरी हाय, पयल्यापासनं. मी नुसती पळते जोरात.” हे तिनं इतक्या सहज म्हटलं की मला त्यात दया शोधावी लागली. मी शोधली. सापडली असं मानलं.

चौथा दिवस: फायनल

सकाळी कृष्णेच्या काठावर गेलो. आयर्विन पुलावरून नदी बघा. पाणी शांत होतं, पण घाटावरच्या भिंतींवर पुराच्या खुणा अजून वाचता येतात. गणपतीचं मंदिर जवळच आहे. येताना भडंग घ्या, लसणाचं आणि साधं वेगळं मिळतं.

दुपारी मैदान खरोखरच भरलं. सांगलीचा संघ विरुद्ध शिराळ्याचा. सांगलीच्या मुलींना नवे कपडे, ढोलताशा, गाव पाठीशी. शिराळ्याच्या मुली टेम्पोनं आल्या होत्या आणि त्यांच्यामागं त्यांचे आईबाप एका कोपऱ्यात बसले होते. लोक कंपाउंडवर, झाडांवर, गोलच्या मागच्या घरांच्या गच्च्यांवर. माइकवरून राजश्रीचं नाव पुन्हा पुन्हा घेत होते, माझं एकदा घेतलं आणि आडनाव चुकवलं.

सामना संपत आला तेव्हा शून्य-शून्य होता. शिराळ्याला कॉर्नर मिळाला. बॉल आत आला, सांगलीच्या एका बचावपटूनं घसरत जाऊन तो अडवला आणि त्या जोरात ती लांबच्या खांबामागं, गोलरेषेच्या पलीकडं जाऊन पडली. अडवलेला बॉल शिराळ्याच्या एका मुलीच्या पायात आला, तिनं परत आत टाकला, आणि गोलीसमोर, म्हणजे गोलकीपरसमोर, मोकळ्या उभ्या असलेल्या दुसरीनं तो जाळ्यात ढकलला.

पलीकडच्या रेषेवर राजश्रीचा झेंडा वर गेला होता. ऑफसाइड.

नियम सांगते, कारण सगळं त्यावरच होतं. पास दिला जातो त्या क्षणी हल्ला करणारी आणि गोलरेषा यांच्या मधे विरुद्ध संघाच्या निदान दोघी हव्यात. गोली एक झाली. दुसरी कुठं होती? राजश्रीच्या बाजूनं बघितलं तर कुठंच नव्हती. पण मी लांबच्या खांबाच्या बाजूला होते, आणि मला जमिनीवर पडलेली ती बचावपटू दिसत होती. खेळताना घसरून रेषेबाहेर गेलेली मुलगी नियमानं रेषेवरच आहे असं धरतात. म्हणजे दोघी झाल्या. गोल खरा.

पण मी तिला खरंच पास दिला त्याच क्षणी पाहिलं होतं, की नंतर? ती तोवर उठून रेषेजवळच असती तरी चाललं असतं. पण उठून मैदानात, गोल मारणारीच्याही पुढं निघून आली असती तर? मला वाटत होतं की मी पाहिलंय. आणि मला हेही कळत होतं की मला तसं पाहायचं आहे. समोर राजश्रीचा झेंडा वर होता, सगळं मैदान त्या झेंड्याकडं बघत होतं, आणि तो झेंडा खाली आणणं माझ्या हातात होतं. इतकी वर्षं ज्याची वाट पाहिली ते हेच होतं. म्हणूनच मला माझ्या डोळ्यांचा भरवसा वाटेना.

मी तिच्याकडं धावत गेले. बोलल्याशिवाय झेंडा डावलायचा नाही, एवढं भान होतं.

“रेषेमागं पडलेली मुलगी दिसली तुला?” मी विचारलं.

“न्हाई. मला खांब आन गोली आड आली.” ती धापा टाकत होती. “तू बघितलीस?”

“बघितली.”

“नक्की?”

“नक्की.”

तिनं झेंडा खाली घेतला. “मग गोल.”

मी गोलची खूण म्हणून मैदानाच्या मध्याकडं हात केला. पुढं काय झालं ते सांगलीतले वाचक सांगतील. ढोल थांबले. पाण्याच्या रिकाम्या बाटल्या आल्या. सामना संपल्याची शिट्टी मी कशीबशी वाजवली आणि माणसांचा लोंढा मैदानात घुसला. पाटीलसर मधे हात पसरून उभे राहिले.

“आवं म्याडम, विंटरन्याशनल पंचाचा झेंडा वर हुता. तुमी कोण तो काढणार?” एक जण ओरडत होता.

गच्चीवर बसलेला एक तरुण मोबाइल उंच धरून आला. “माझ्याकडं व्हिडिओ हाय. सगळं दिसतंय. दाखवा सगळ्यांना, ऑफसाइडच हाय.”

लोकांनी रस्ता दिला. मोबाइल राजश्रीच्या हातात गेला. ती म्हणाली, “हे बघून निकाल बदलत न्हाई. मैदानात हिनं दिला तो निकाल. पण बघू या.”

तिनं क्लिप लावली आणि बोटानं थांबवत, मागं नेत, पुढं नेत पाहिली. तिथं काय दिसणार हे मला माहीत नव्हतं, आणि ती बोटं काय करू शकतात हे मला परवाच विहिरीवर कळलं होतं. एक बटण इकडं की तिकडं.

ती सरळ चालत मंडपात गेली आणि माइक घेतला.

“मंडळी, मी राजश्री. या भावाच्या मोबाइलमधी चांगलं दिसतंय. पास दिला तवा तुमची पोरगी रेषेच्या पल्याड, खांबाच्या मागं पडलेली हाय. म्हणजे गोल बरोबर. सुनंदा म्याडमनी बरोबर दिला. झेंडा माझा चुकला.” तिनं मोबाइल त्या तरुणाच्या हातात परत दिला. “मला दिसलं न्हाई. माझं चुकलं.”

गर्दीत चुळबुळ झाली. मोबाइलवाला तरुण स्वतःच्या फोनमध्ये पुन्हा पुन्हा बघत राहिला. शिराळ्याच्या कोपऱ्यात एका बाईनं आपल्या मुलीला मिठी मारली. पाटीलसरांनी दोन्ही संघांच्या मुलींना जबरदस्तीनं हात मिळवायला लावले, आणि हळूहळू लोक पांगले.

मी जिंकले होते. पन्नास माणसांनी नाही, भरल्या मैदानानं ऐकलं की मी बरोबर आणि राजश्री चूक. मी त्या आनंदाची वाट पाहत खुर्चीवर बसून राहिले. तो आला नाही. ‘माझं चुकलं’ हे ती इतक्या मोकळेपणी, भर मांडवात म्हणाली होती की माझं बरोबर असणं त्यापुढं खुजं दिसत होतं. आता मला तिच्या या गोष्टीचाही हेवा वाटू लागला, आणि हा हेवा आधीच्यापेक्षा वाईट होता, कारण तो गुडघ्यावर ढकलता येत नव्हता.

पत्रकाराचा फोन संध्याकाळी पुन्हा आला.

“मला काही माहीत नाही,” मी म्हटलं. “तिलाच विचारा.” या वेळी कडी लावली.

पाचवा दिवस: परत

परतताना इस्लामपूरवरून पेठ नाक्याला हायवे गाठला. तिला तिथं वडूजला जाणाऱ्या पाहुण्यांची गाडी भेटणार होती. वाट बघताना टपरीवर चहा घेतला.

“मी त्यांना लिवून पाठवणार हाय,” ती म्हणाली. “दुसरं चित्र, तिसरं चित्र, सगळं.”

“आता? प्रकरण मिटलंय, राजश्री. तुला काढतील.”

“काढू देत. ती निळ्या कपड्यातली पोरगी अजून समजत आसंल की तिचा खांदा पुढं हुता.” तिनं ग्लास टपरीच्या फळीवर ठेवला. “कुणीतरी तिला सांगाया पायजे.”

मी कराड, सातारा मागं टाकत एकटी आले. खंबाटकीचा बोगदा परतीच्या वाटेवर लागतो, त्यामुळं घाट चढावा लागत नाही. घरी पोचले तेव्हा दिवे लागले होते. घेवडा डब्यात भरला, बेदाणे शाळेत नेले.

तिनं लिहिलं. उत्तर यायला वेळ लागला. मग एका संध्याकाळी तिचा फोन आला: पुढच्या स्पर्धेच्या व्हिडिओ पंचांमध्ये तिचं नाव नाही. त्या निळ्या संघाच्या मुलीचा तिला मेसेज आला होता, दोन ओळींचा, तो तिनं मला वाचून दाखवला आणि तात्यांनाही दाखवल्याचं सांगितलं. हे सगळं ब्लॉगवर लिहू का, असंही मी विचारलं. ती म्हणाली, लिही, फक्त ऑफसाइडचा नियम नीट लिही.

मला वाईट वाटलं. खरंच वाटलं. पण तोंडातून बाहेर पडला तो प्रश्न वेगळाच होता.

“तुझ्या जागी कुणाला घेतलंय?”

विचारलं आणि जीभ चावली.

“ते म्हायीत न्हाई,” राजश्री म्हणाली. “पर तू इचारणार, हे म्हायीत हुतं.”

“म्हणजे?”

“म्हणजे काय? तू माझं तोंड बघाया आलीस, ते मला तू गाडीतनं उतरलीस तवाच कळलं. आगुदर, फोन केला तवाच.”

मी फोन दुसऱ्या कानाला धरला.

“मग बोलावलंस कशाला?” मी विचारलं.

“मला सांगायचं हुतं कुणाला तरी,” ती म्हणाली. “आन माझ्यावर एवढी बारीक नजर ठेवणारं दुसरं हाय कोण?”